उसनं विरजण

बाळगोंडा मगदुमाला पोलीस घेऊन गेले त्या सकाळी अख्खी गल्ली दारात उभी होती, आणि सगळ्यांच्या पुढं हाताची घडी घालून त्याची सख्खी पुतणी अक्षता उभी होती. गाडीत चढताना म्हातारा अडखळला. पायातली एक चप्पल रस्त्यातच राहिली. कुणीतरी ती उचलायला वाकलं तशी अक्षता कडाडली, "राहू दे तिथंच! माझ्या आप्पाला नेलं तेव्हा त्याच्या पायात काय होतं?"

वाकलेला माणूस तसाच सरळ झाला. बाळगोंडाची बायको शारदाकाकी उंबऱ्यात उभी होती. तिनं ना शिवी दिली, ना टिपूस गाळलं. गाडी वळणापलीकडं गेल्यावर ती खाली उतरली, चप्पल उचलली, पदरानं पुसली आणि आत गेली. जाता जाता तिनं अक्षताकडं एकदाच पाहिलं. अक्षताला ते पाहणं काही आवडलं नाही. तिला रडारड हवी होती. एकोणीस वर्षं वाट बघून माणूस एवढीही आशा करणार नाही का?

हिरेवाडी हिरण्यकेशीच्या काठी वसलेली. आता २०४५ साल म्हटल्यावर गावात काय बदललं नाही ते विचारा. उसावर फवारणी करायला उडती यंत्रं येतात, म्हशीला ताप आला की तिच्या गळ्यातली पट्टी मालकाच्या फोनवर बोंबलते. पण भाऊबंदकीवर अजून कुणी औषध काढलेलं नाही. थोरला मलगोंडा, म्हणजे अक्षताचा बाप, आणि धाकटा बाळगोंडा एकाच भिंतीच्या दोन अंगांना राहत. वाटणीवरून फाटलं ते फाटलंच. आणि अबोला म्हणजे नुसतं तोंडानं बोलायचं नाही एवढंच नव्हे बरं का. मीठ द्यायचं नाही, मिरची द्यायची नाही, विरजण द्यायचं नाही. मगदुमांच्या दोन घरांत बोटभर दहीसुद्धा इकडचं तिकडं जात नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरही छातीठोक सांगायचं.

अक्षता दहा वर्षांची असताना, एका उन्हाळ्यात, तिची थोरली बहीण स्नेहल पाय घसरून विहिरीत पडली आणि गेली. अक्षता तिला अक्का म्हणायची. अक्काला बाहेर काढलं काकानंच. काढलं आणि तिथंच काठावर, ज्या तोंडानं दादा म्हणायचं त्या तोंडानं तो थोरल्या भावाची गचांडी धरून ओरडला, "मल्या, तुला जित्ता सोडणार न्हाई!" साऱ्या गावानं ऐकलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं आधीच वाजलेलं. पोरीचा जीव गेला तरी ह्याला पाण्याचंच पडलंय, असं म्हणत लोक थुंकले.

महिना सरला नाही तोच मलगोंडा दुपारी दहीभात खाऊन उठला आणि सोप्यातच कोसळला. दह्यात कीडनाशक होतं, उसावर मारतात ते. अक्षताची आई महानंदा तेव्हा शेतात तण भांगलत होती. तिनं पोलिसांना सांगितलं, "दही मीच रातीला लावलं हुतं. मागं घरात कोण शिरलं, मला काय ठावं?" पोलिसांनी आधी तिला बसवून ठेवलं, मग काकाला आत टाकलं. पुरावा काही मिळेना. काही महिन्यांनी काका सुटला. गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडत नाही, असा शेरा मारून फाईल मिटली आणि दह्याचं गाडगं तेवढं कोर्टाच्या मुद्देमालात जाऊन पडलं.

फाईल मिटली, पण अक्षताचं डोकं काही मिटलं नाही. ती मोठी झाली, गावच्या दूध डेअरीची सचिव झाली, आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिनं पहिलं काम काय केलं असेल तर काकाचं दूध परत पाठवलं. आज पाणी आहे, उद्या वास येतोय, परवा फॅट बसत नाही. शेवटी काका सायकलला किटल्या अडकवून पुढच्या गावच्या डेअरीला जायला लागला. भर पावसात, चढावर सायकल हातात धरून ढकलत. ती खिडकीतून बघायची, आणि लाज कसली, तिला बरं वाटायचं. त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा ही बाई एसटी स्टँडवर जाऊन उभी राहिली आणि पाहुण्यांना म्हणाली, "पोरीच्या बापानं सख्ख्या भावाला विष घातलंय. चहा जपून प्या." पाहुणे आल्या गाडीनं माघारी गेले. स्वतःच्या लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, आधी हे, मग ते.

"सोड बाई आता," आई म्हणायची. "मेलेलं माणूस माघारी येतंय व्हय?"

"तू सोड. मी सोडायची नाही."

अशात तिची शाळेतली मैत्रीण तरन्नुम मुजावर कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत रुजू झाली. दह्यातल्या जिवाणूंवर तिनं कैक वर्षं काढली होती. सुट्टीला आली असताना ती डेअरीत बसून सहज बोलली आणि अक्षताच्या हातातला चहा तसाच थंड झाला.

"तुझ्या भाषेत सांगते," तरन्नुम म्हणाली होती. "विरजण म्हणजे जिवंत जिवाणू. त्यांच्यावर सारखे विषाणूंचे हल्ले होतात. बरेचसे मरतात, पण जो वाचतो तो हल्लेखोराच्या जनुकाचा एक तुकडा तोडून आपल्या जनुकात जपून ठेवतो. पुढच्या वेळी शत्रू ओळखायला. नवा तुकडा जुन्याच्या पुढं बसतो, सगळे ओळीनं. म्हातारीच्या हातावर जत्रेजत्रेचं गोंदण असतं ना, तसं समज. आणि हे गोंदण त्याच्या पोराबाळांतही उतरतं."

"बरं मग?"

"मग काय? एका घराचं विरजण वर्षानुवर्षं तेच चालतं. कालच्या दह्यातलं बोटभर आजच्या दुधात. त्या घराला जे विषाणू भेटले त्यांचं गोंदण त्या घरच्याच दह्यात. शेजारीण विरजण घेऊन गेली तर तोवरचं गोंदण दोघींचं एक, पुढचं वेगवेगळं. आणि सारखी देवघेव असेल तर दोन्ही घरचं शेवटपर्यंत एकच. हे पूर्वीही माहीत होतं, पण जिवंत दही लागायचं. आता आमचं यंत्र वाळलेल्या कणांतूनही वाचतं. मातीचं भांडं तर फारच चांगलं. माती दही पिते आणि पोटात धरून ठेवते. वीस वर्षांपूर्वीचं गाडगं आणून दे, ते कुणाच्या घरचं दही होतं ते सांगते."

अक्षताचे डोळे असे काही चमकले की तरन्नुमनं वाक्य तिथंच थांबवलं.

जुना मुद्देमाल पुन्हा तपासून घ्यायची परवानगी नव्या कायद्यानं नातेवाइकांना दिली होती. अक्षतानं अर्ज केला, कोर्टाचे उंबरे झिजवले आणि गाडगं प्रयोगशाळेत पोचवलं. काकीचं दही सोमवारच्या बाजारात खपायचं. घट्ट, कापावं असं. अक्षतानं परगावच्या माणसाकरवी ते विकत आणवलं. पोलिसांनीही मग रीतसर नेलं. यंत्रानं दोन्हीकडचं गोंदण वाचलं आणि निकाल दिला: मलगोंडाच्या ताटात पडलेलं दही बाळगोंडाच्या घरच्या विरजणाचं होतं.

"तुमच्या घरचंही तपासायला हवं," तरन्नुम म्हणाली होती. "तुमचं वेगळं निघालं तरच या निकालाला अर्थ."

"आमचं वेगळंच," अक्षता हसून म्हणाली. "अगं, चिमूटभर मीठ दिलं-घेतलं नाही आम्ही."

एवढ्यावर पोलिसांनी काकाला उचललं. कोर्टात टिकायला अक्षताच्या घरचा नमुना लागणार होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायचा ठरला.

काकाची गाडी गेल्यावर अक्षता डेअरीत गेली, पेढे वाटले, आणि दुपारी घरी आली ती उंबऱ्यातूनच ओरडत. "आई, गेला! नेला एकदाचा!"

महानंदा स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "चप्पल का गं उचलू दिली न्हाईस?"

"तुला चप्पल दिसली? नवरा दिसला नाही तुझा?" अक्षतानं तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करून ठेवला. "उद्या तरन्नुम येणार आहे पोलिसांना घेऊन. आपलं विरजण न्यायला."

आईच्या हातातली जुडी परातीत पडली. "आपलं कशाला?"

"पडताळून बघायला. आपलं वेगळं निघालं की आप्पाच्या पुढ्यातलं दही आपलं नव्हतंच हे शाबीत झालं. त्यांच्या घरचं दही आणून कुणीतरी आपल्या घरात ठेवलं. काका जन्मात सुटत नाही मग."

"आणि एकच निघालं तर?"

"कसं निघेल? पण समज निघालं, तर त्या निकालाची किंमत शून्य. दोन्ही घरचं दही एकच म्हटल्यावर कोण काय सांगणार? काका संध्याकाळपर्यंत घरी."

आईनं परातीतली जुडी उचलली, पुन्हा ठेवली. मग म्हणाली, "आपलं वेगळंच निघंल. माझ्या माहेरचं हाय ते. लगीन झालं तवा आईनं गाडगं माझ्या पदरात दिलं. आजवर त्यात कुणाचा थेंब मिसळू दिला न्हाई मी."

"मग झालं तर!"

"काय झालं?" आई गुडघ्यावर हात देऊन उठली. आतल्या खोलीत ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात एक जुनी स्टीलची वाटी होती. ती तिनं अक्षतापुढं धरली. वाटीच्या कडेला नाव कोरलेलं: सौ. शारदा बाळगोंडा मगदूम.

अक्षतानं ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "ही आपल्या घरात कशी?"

"इरजण आणलं हुतं हिच्यातनं. त्या राती नव्या गाडग्यात लावाय. मी आणलं." आईचा आवाज सरळ होता, बाजारातून भाजी आणल्यासारखा. "माहेरच्या दह्यात विख कालवू व्हय? माझ्या आईच्या हातचं ते. मन झालं न्हाई. म्हणून परसातल्या भिंतीवरनं शारदीला हाक मारली. म्हटलं, माझं नासलंय, बोटभर दे. अबोला का मोडतीस म्हणून तिनं विचारलं न्हाई. दिलं."

अक्षतानं ओटा धरला. "तू? तू घातलंस? आणि एकोणीस वर्षं माझ्यादेखत आप्पाच्या फोटोला हार घालतेस?"

"घालते. मेलाय ह्याची रोज खात्री करून घ्याय घालते."

"आई!"

"वरडू नको. अक्काला विहिरीनं मारलं न्हाई, अक्षे." आईनं वाटी ओट्यावर ठेवली. "कॉलेजातल्या पोरासंगं लगीन करणार म्हणाली. बापाला सांगाय विहिरीवर गेली. आपला बाप हाय, ऐकून घेईल म्हणाली. तुझ्या काकानं तिला काढलं तवा गळ्यावर बोटं उठली हुती. त्यानं बघितलं. न्हाऊ घालताना मी बघितलं. तरी मनाला म्हटलं, न्हाई, बाप असं करंल व्हय? मग एक दिस जेवता जेवता त्यानंच सांगितलं. घराची अब्रू राखली म्हणाला. आन् ताट पुढं करून म्हणाला, दही वाढ."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या दिशी नुसतंच वाढलं. दुसऱ्या खेपेला नीट वाढलं. पुन्हा जल्म दिला तर पुन्हा वाढीन."

जत्रेत आप्पाच्या खांद्यावर बसून अक्षतानं पाळणे बघितले होते. पडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी तिचे पाय घट्ट धरायचा. तेच हात. आणि अक्का? तेल लावताना केस ओढले की ही ओरडायची, आणि अक्का टपली मारून म्हणायची, गप गं माकडे. त्या अक्काचा खून कुणी उकरला नाही. गावानं नाही, पोलिसांनी नाही, आणि सूड सूड करत फिरणाऱ्या या शहाणीनं तर नाहीच नाही.

"काका का गप्प बसला?"

"चौकीत मला बसवलं हुतं तवा निरोप धाडला त्यानं. वहिनी, तोंड उघडू नका. धाकटी ल्हान हाय. तिला बाप न्हाई, आईबी नको व्हय?"

अक्षता रडली. मोठ्यानं, लहान पोरासारखी, आईचा राग करत, बापाचा करत, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. आईनं तिला जवळ घेतलं नाही आणि समजावलंही नाही. खाली पडलेली मेथी तेवढी गोळा केली.

रडून झाल्यावर विचार करणं भाग होतं. एकोणीस वर्षं शिजवलेला सूड आता कुणाच्या ताटात वाढायचा? उद्या हे विरजण जसंच्या तसं दिलं, तर काका जन्माचा आत. खरं सांगितलं, तर आई आत. या गावात एका बापानं पोरीचा गळा दाबला तर विहिरीला दोष, आणि आईनं त्याचा हिशेब केला की मात्र यंत्र, कायदा, कोर्ट सगळं जागं! अक्षतानं डोळे पुसले. काकावर ज्या तिरिमिरीनं ती एवढी वर्षं तुटून पडली होती, तीच तिरिमिरी आता उठून बापावर उलटली.

"आपलं विरजण मोडायचं," ती म्हणाली. "काकीचं आणायचं आणि आज तेच लावायचं. बायकांची देवघेव मागल्या दारानं कायम चालूच होती, असं सांगायचं. काकीनंही तसंच सांगायला हवं."

"ती सांगंल?"

"तिला नवरा सोडवायचा असेल तर ती खरंही सांगू शकते. तू त्या दिवशी वाटी नेलीस, एवढं बोलली तरी पुरे. तिची मर्जी आता."

आई गाडग्याकडं बघत राहिली. मग तिनं तोंड भिंतीकडं केलं. "सगळं टाक. थेंब ठेवू नको."

दिवस कलायला आला होता. तिन्हीसांजेला विरजण कुणी देत नाही, त्याच्या आत जायला हवं होतं. अक्षतानं फ्रीजमधलं दही काढलं, ताक काढलं, मोरीत ओतलं. गाडगं आणि विरजण आणायला काकीची वाटी घेऊन परसात गेली. तिथं गाडगं पालथं करायच्या आधी तिच्या हातांनी वाटीत पळीभर दही काढून वर झाकण ठेवलं. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हे हातांना लहानपणापासून ठाऊक, आणि डोकं त्या वेळी जाग्यावर नव्हतं. मग तिनं गाडगं लिंबाच्या बुडात ओतलं आणि दगडावर आपटून फोडलं. माती पोटात धरून ठेवते, हे तरन्नुमनंच शिकवलं होतं. आळ्यात खोल खड्डा काढून तिनं खापऱ्या पुरल्या.

पुढच्या दारानं, सगळ्या गल्लीदेखत, वाटी पदराखाली धरून ती काकाच्या घरी गेली. समोरची पारूमावशी झाडता झाडता थबकली. काकीच्या दारात, आतल्या अंगाला, काकाची एक चप्पल पुसून ठेवलेली होती.

"का आलीस?" काकी जात्याशेजारी पाट टाकून बसली होती. उठली नाही.

"काकी, मला सगळं कळलंय. आईनं सांगितलं."

"बरं झालं. तुझ्या कानाला लै वर्षं लागली."

अक्षतानं तिचे पाय धरले. काकीनं पाय मागं घेतले. "नाटकं नकोत. काय पाहिजे ते बोल."

"विरजण," अक्षता म्हणाली, आणि उद्याचं सगळं धडाधडा सांगून टाकलं. काकी ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"माझ्या पोरीला बघाय आल्याले पाहुणे तू स्टँडवरनं माघारी लावलेस. चहा जपून प्या म्हणालीस न्हवं? ह्यांनी पावसात सायकल ढकलली आन् तू खिडकीत बसून बघितलीस. ह्या जल्मात कधी मला वाटलं न्हाई की जावं आन् एक वाक्य सांगून तुझं थोबाड फोडावं? रोज वाटलं! हे म्हणायचे, शारदे, वहिनीकडं बघ. मी बघितलं." तिनं चष्मा घातला. "आता सांगू का न्हाई ते वाक्य?"

बाहेर पारूमावशीचा झाडू बंद झाला होता. अक्षतानं खाली मान घालून वाटी पुढं केली. "तुमची वाटी. राहिली होती आमच्याकडं."

काकीनं नावावरून बोट फिरवलं. मग झाकण काढलं आणि आतलं दही बघितलं. किती तरी वेळ बघितलं. "हे कुठलं?"

"घरचं. रिकामी वाटी कशी..." काय केलं ते अक्षताला तेव्हा उमगलं: दोन्ही घरचं दही वेगळं असल्याचा एकुलता एक जिवंत पुरावा काकीच्या हातात होता. तिनं झटकन हात पुढं केला, पण काकीनं वाटी छातीशी धरली होती.

"महानंदीच्या माहेरचं," काकी म्हणाली आणि कित्येक वर्षांनी तिच्या तोंडावर हसू आलं. "दिल्यालं माघारी न्यायचं नसतंय पोरी."

"काकी, टाका ते. पाया पडते. उद्या तपासायला येतील."

"तुझ्या घरी येतील. माझं झालंय तपासून." काकी उठली, आपल्या गाडग्यातलं घट्ट दही तिनं दुसऱ्या वाटीत काढलं आणि अक्षताच्या हातात दिलं. "हे ने. दूध कोमट असतानाच लाव. उद्या पोलिसांम्होरं मी म्हणंन, आमचं दोघींचं मागल्या दारानं कायमच चालू हुतं. माझ्या तोंडातनं दुसरं कायबी येणार न्हाई, देवाची आण. पन रोज येऊन माझ्याकडनंच इरजण न्यायचं. पुढल्या दारानं. गल्लीदेखत. आन् हे," तिनं छातीशी धरलेली वाटी थोपटली, "हे मी मरू देणार न्हाई."

सकाळी तरन्नुम आली. पोलिसांसमोर तिनं नमुना घेतला, नळीवर चिठ्ठी डकवली. मग हळूच म्हणाली, "गाडगं नवं दिसतंय."

"जुनं फुटलं."

"आणि मीठसुद्धा दिलं-घेतलं नाही म्हणाली होतीस."

"पुरुषांचं ते. बायकांचं परसातनं चालायचं. मला ठाऊक नव्हतं." शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

तरन्नुमनं तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं आणि पेटी बंद केली. "माझं यंत्र दह्यातलं सांगतं," ती म्हणाली. "माणसाच्या पोटातलं सांगणारं यंत्र निघालं तर मी ते विकत घेणार नाही."

दोन्ही घरचं विरजण एकच निघालं. काकीनं सांगायचं ते सांगितलं, महानंदानं मान डोलावली, आणि काका सुटून आला. अक्षता स्टँडवर त्याला आणायला गेली होती, त्याची मागं राहिलेली चप्पल हातात घेऊन. जिथून तिनं त्याच्या पोरीचे पाहुणे परतवले होते, त्याच जागी ती खाली वाकली. म्हाताऱ्यानं चप्पल पायात सरकवली.

"लै पळालो मी त्या दिशी," तो म्हणाला. "अक्कानं हाक मारली हुती. पर विहीर लांब पडली." थोडं चालल्यावर तो थांबला. "उद्यापासनं दूध तुमच्या डेअरीत घालू का? चढ आता हुईत न्हाई."

अक्षताला हो म्हणतानासुद्धा तोंड वर करता आलं नाही.

मग रोजचं सुरू झालं. रोज सकाळी अक्षता वाटी घेऊन पुढल्या दारानं काकीकडं जाते, दारात उभी राहते, आणि गल्ली बघते. काकीच्या फळीवर मोठ्या गाडग्याशेजारी एक लहान गाडगं आहे, लाल फडक्यानं तोंड बांधलेलं. काकी आधी त्यात दूध घालते, बोटभर दही सोडते, फडकं बांधते, आणि मगच अक्षताच्या वाटीकडं वळते. एकदा अक्षता म्हणाली, "काकी, झालं की आता." काकी म्हणाली, "माझं कुठं झालंय?"

आईला काही हे सांगायचा धीर अक्षताला झाला नाही. आई आता नव्या विरजणाचं दही खायची, नाक मुरडून, अर्धं टाकून. माहेर सुटल्यासारखं वाटतंय म्हणायची.

महिना उलटला असेल. एका दुपारी अक्षतानं काकीकडून आलेली वाटी तशीच आईच्या ताटाशेजारी ठेवली. त्या दिवशी काकीनं ती स्वतः भरून, झाकून दिली होती आणि म्हणाली होती, आज लावू नको, जाऊबाईला तसंच वाढ. आईनं भातावर दही घेतलं, कालवलं, पहिला घास तोंडात घातला. आणि चावायची थांबली.

तिनं घास जिभेवर घोळवला. डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत आधी आनंद होता, लग्नाच्या दिवशीच्या पोरीचा असतो तसा, आणि मग तो हळूहळू विझत गेला.

"अक्षे," ती म्हणाली, "तू सगळं टाकलं न्हवतंस?"

अक्षता काही बोलायच्या आत परसातल्या भिंतीपलीकडून हाक आली. मोकळ्या, खणखणीत गळ्यानं, चार घरांना ऐकू जाईल अशी. "जाऊबाई! कसं लागलं गं दही?"

महानंदानं हातातल्या घासाकडं बघितलं. मग समोरच्या भिंतीवर हार घातलेल्या नवऱ्याच्या फोटोकडं. तिनं घास गिळला.

"ग्वाड हाय गं शारदे," तिनं ओरडून सांगितलं. "ग्वाड हाय!"

"मग उद्याबी धाडते," काकी म्हणाली.